हिरवी खुंटी

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू सगळ्याला "बरं बरं" म्हणतोस, आणि मग मामी सांगते की त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. म्हणून पत्र.

बातमी अशी की माझा खेळ एका प्रकाशकाने घेतला! पटावरचा, दोघांनी खेळायचा, युद्धाचा. मध्ये डोंगरातली खिंड, वर नऊ ठाणी, खाली एक डेपो. एक खेळाडू डेपो आणि ठाणी सांभाळतो, दुसरा शत्रू आणि हिवाळा होतो. डेपोतून वर रसद पोचवायची आणि बर्फ वितळेपर्यंत ठाणी टिकवायची. एप्रिलअखेर नियमपुस्तिका पक्की करून द्यायची आहे.

तू सगळी नोकरी अशाच डेपोत रसद-कारकून म्हणून काढलीस, तेव्हा तुझ्याशिवाय कोणाला विचारू? पत्रासोबत पटाचं चित्र, सामानाची यादी आणि एक लाकडी ठोकळा पाठवतेय. हा एक ठोकळा म्हणजे एका ठाण्याची आठवड्याची रसद. यात किती किलो धरू? आकडा कळव, बाकी काही नको.

तुझी
ठकू

---

१५ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. मामीचं शेजारीपाजारी सांगून झालं आहे. ती म्हणते, भाचीने पुस्तक लिहिलं. खेळ म्हटलं तर लोकांना कळत नाही.

आकडा विचारलास, देतो. चोवीस माणसं, सात दिवस, अंदाजे बाराशे किलो. पण तुझा ठोकळा मला पटला नाही. मी तो कानाशी धरून हलवला. आत काहीच वाजत नाही. यात काडेपेटी आहे का? बूट आहेत का, आणि असतील तर कोणत्या मापाचे? आमच्याकडे एकदा चाळीस जोड आले, सगळे सात नंबरचे. कागदावर बूट आले. पायांना विचारशील तर नाही आले.

दुसरं, तू पाठवलेल्या यादीत "ट्रक ४" असं लिहिलंस. आमच्या डेपोत बारा होते. चार ट्रकांवर खिंड सांभाळणारा शहाणा मला तरी भेटला नाही. पटाचं चित्र मात्र सुरेख आहे. दुरून डोंगर साजरे, त्यात तुझे पुठ्ठ्याचे.

तुझा
मामा

---

२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

माझे चार ट्रक म्हणजे तुझे बाराच आहेत! मोज बघू. बारापैकी गॅरेजमध्ये किती असायचे? बॅटरी नसलेले किती? घाटात अडकून दुसऱ्या दिवशी पोचणारे किती? हे सगळं वजा करून जे वेळेवर वर पोचतात, ते चार. तोफेच्या चौकोनावरचा "३" हा आकडाही तसाच. तो तोफांची संख्या नाही. तोफ, तिचे गोळे, चालवणाऱ्यांची झोप, सगळं मिळून तीन. खेळ रचणाऱ्याचं काम हेच. लाख गोष्टी एका आकड्यात कोंबायच्या आणि तरी तो आकडा खरा वाटला पाहिजे.

पहिल्या मसुद्यात मी सगळं वेगळं ठेवलं होतं. गोळ्या वेगळ्या, इंधन वेगळं, औषधं वेगळी, बूटसुद्धा. पहिली फेरी संपायला पावणेदोन तास लागले. माझी मैत्रीण पाणी पिऊन येते म्हणून उठली ती थेट घरी गेली. म्हणून ठोकळा.

आणि आता खरी गंमत ऐक. ठाण्यांची स्थिती दाखवायला मी काय वापरलंय? तुझा फळा! डेपोतून निवृत्त होताना तू जो घरी आणलास आणि मामीने ज्यावर किल्ल्या टांगल्या, तो. हिरवी खुंटी म्हणजे ठाणं भरलेलं, पिवळी म्हणजे अर्धं, लाल म्हणजे धोका. एका नजरेत सगळी खिंड कळते. लहानपणी सुट्टीत मी त्या खुंट्यांशीच खेळायचे. त्या, आणि तुझ्या खणातल्या स्टोव्हच्या पिना. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली होती मामा, आणि तू अजून पिनांची पाकिटं डझनाने आणत होतास! मामी म्हणायची, यांना कोणी भेटवस्तू द्यायची तर पिनच द्या.

नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापतेय: "हा खेळ मामाच्या फळ्यावरून सुचला. त्यालाच अर्पण." आवडलं ना?

ठकू

---

१ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

ते अर्पण काढून टाक. फळाही काढ. रंगीत खुंट्यांऐवजी दुसरं काहीही ठेव. जास्त विचारू नकोस.

मामा

---

५ मार्च

मामा,

विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारत नाही, सांगते. मला वाईट वाटलं. ज्यांनी खरं युद्ध पाहिलं त्यांना आमचे ठोकळे पोरखेळ वाटतात, हे मला नवीन नाही. खेळांच्या मेळाव्यात एक निवृत्त गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन "यात रक्त कुठंय?" असं विचारून गेले होते. पण तूही त्यांच्यातलाच निघशील असं वाटलं नव्हतं. हा पट मांडायला मला तीन वर्षं लागली.

अर्पण काढते. फळा काढता येत नाही, सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. प्रकाशकाला नाही म्हणायचं असेल तर या महिन्यातच म्हणावं लागेल. तेवढं तरी कारण कळव.

ठकू

---

९ मार्च

चि. ठकू,

मी मामी. हे पत्र मी लिहिलंय ते यांना सांगू नकोस.

तुझं ते अर्पणाचं पत्र आलं त्या दिवशी यांनी फळा भिंतीवरून काढला आणि कपाटामागे सरकवला. माझ्या किल्ल्या सगळ्या टेबलावर. कालपासून गच्चीची किल्ली सापडत नाही आणि कपडे खोलीत वाळत घातलेत. मी म्हटलं, पोरीने एवढं प्रेमाने लिहिलं, तुम्हाला झालं काय? तर म्हणाले, खाई त्याला खवखवे. आणि चप्पल घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले ते एक स्टोव्हची पिन आणि लिहायचे कागद घेऊन.

तुझ्यावर रागावलेले नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते. थोडी वाट बघ. आणि प्रकाशकाला नाही म्हणू नकोस, मी सगळ्यांना सांगून बसलेय.

मामी

---

२० मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझा खेळ पोरखेळ नाही. उलट तो मला फार चांगला कळला, इथेच तर घोडं पेंड खातं. तू कारण विचारलंस. ते मी मामीलाही कधी धड सांगितलेलं नाही. आज हे पत्र तीही वाचेल.

तो फळा माझी कल्पना होती. त्याआधी मोठ्या साहेबांसमोर रोज सकाळी अकरा पानांची यादी ठेवावी लागे आणि साहेब दुसऱ्या पानावर कंटाळत. मी फळा केला, नऊ भोकं पाडली, खुंट्या रंगवल्या. नियमही माझाच: ठाण्याला ठरलेल्या वजनाच्या नव्वद टक्के माल पोचला की खुंटी हिरवी. साहेब खूश झाले. मला शाबासकीचं पत्र मिळालं. ते चौकटीत लावलं होतं, तुला आठवत असेल.

त्या हिवाळ्यात नऊ नंबरच्या ठाण्याला सगळं पोचलं होतं. रॉकेल, पीठ, डबे, गोळ्या. एकच गोष्ट राहिली, स्टोव्हच्या पिना. एका पाकिटाचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. त्या "इतर" या सदरात होत्या आणि इतर सामान जागा उरली तरच चढायचं. वरच्या थंडीत, त्या गाळ असलेल्या रॉकेलवर, स्टोव्हचं भोक दिवसातून चार वेळा बुजतं. पिन नसेल तर स्टोव्ह म्हणजे नुसतं पितळ. स्टोव्ह नाही तर बर्फ वितळत नाही. चहूकडे बर्फ आणि प्यायला पाणी नाही, अशी चोवीस माणसं.

तिथे वायरलेसवर होता टिकटिक. आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो होतो. निरोप ठोकायच्या बटणावर त्याचा हात इतका सफाईदार चालायचा की लांबच्या डेपोतले लोकही आवाजावरून ओळखायचे, हा टिकटिक. त्याने निरोप पाठवला: "पिना पाठवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे अकरा दिवस, अकरा निरोप; तोवर वरच्या उरल्यासुरल्या जुन्या पिना एकेक करून मोडत गेल्या. सगळे माझ्या टेबलावर आले. मी फळ्याकडे बघायचो. नऊ नंबर हिरवा. आणि शेजारी चार नंबर लाल होता, तिकडे खरोखरच उपासमार चालली होती. मी म्हणायचो, हिरव्याला कसली घाई, पुढच्या खेपेत बघू.

उत्तर का दिलं नाही? तोही नियम. हिरव्या ठाण्याला उत्तर पाठवायचं नाही, वायरलेसच्या बॅटऱ्या वाचवायच्या. हा नियमही मीच सुचवला होता.

उत्तर येईना तेव्हा टिकटिकला वाटलं, आपला संच बिघडलाय, निरोप जातच नाहीत. ऐकू काहीच येत नाही तर कानाला लावायच्या यंत्राचा उपयोग काय? म्हणून त्याने त्याची वायर कापली, आतली बारीक तार काढली आणि तिने स्टोव्हचं भोक मोकळं करायला बसला. तार बारीक, हातमोजे घालून धरता येईना. ते काढले. अशा थंडीत उघड्या हातावर रॉकेल सांडलं तर कातडी आतून जळावी तशी गोठते. स्टोव्ह पेटला. बाकीचे तेवीस जण पाणी प्याले. टिकटिकच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

चौकशी झाली, पण फळ्यावर सगळं हिरवं होतं. कोणी मला काही विचारलं नाही.

पुढे दीड वर्षाने त्याचं पत्र आलं, डाव्या हाताने लिहिलेलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. एकच ओळ: "माझे निरोप पोचत होते का?" त्याला वाटत होतं की दोष त्याच्या हाताचा असावा. ठकू, मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. सव्वीस वर्षं झाली. एकदा तो बसथांब्यावर दिसला तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

म्हणून म्हणालो, फळा काढ आणि माझं नाव काढ. आता तू ठरव.

मामा

---

२८ मार्च

प्रिय मामा,

पत्र तीनदा वाचलं. आधी रडले, मग तुझा राग आला. फळ्याचा नाही. चूक कोणाकडूनही होते, आणि एका लाल आणि एका हिरव्या ठाण्यात मीही लालकडेच धावले असते. राग त्या एका ओळीच्या पत्राचा आला. त्याला "हो, पोचत होते" एवढंच लिहायला सव्वीस वर्षं?

आता माझ्या धंद्याचं बोलते, कारण दुसरं मला काही येत नाही. माझ्या खेळात एकच खेळाडू डेपोही सांभाळतो आणि ठाणीही. त्याला दोन्हीकडचं सगळं दिसतं. खोटेपणा तिथे होता. ठोकळ्यात नव्हता. ठोकळा करावाच लागतो, तुझ्या साहेबांना अकरा पानं वाचवत नव्हती आणि माझ्या मैत्रिणीला पावणेदोन तास बसवत नव्हतं. पण ठोकळ्यात काय नाही, हे कोणालातरी माहीत असतं आणि तो माणूस दुसरीकडे बसलेला असतो.

म्हणून चार दिवसांत पट मोडून नवा मांडला. आता दोघे एकाच बाजूचे. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. डेपोवाल्याला फक्त फळा दिसतो. ठाणेवाल्याला स्वतःचे पत्ते दिसतात, आणि दर ठाण्याच्या पत्त्यांत एक क्षुल्लक वस्तू कमी असू शकते. तो फेरीला एकच शब्द लिहून पडद्याखालून सरकवू शकतो. डेपोवाल्याने उत्तर द्यायचं की नाही, त्याची मर्जी. दिलं तर एक ठोकळा खर्च. हिवाळा पत्त्यांतून येतो. प्रकाशक आधी कुरकुरला, मग एक डाव खेळला आणि तयार झाला.

नमुना पेटी सोबत पाठवतेय. खेळायला दोघं लागतात. मामीबरोबर खेळू नकोस. कोणाबरोबर खेळायचं ते तुला माहीत आहे. तू गेला नाहीस तरी मी हा खेळ छापीन, पण तुझ्याशी पूर्वीसारखं थट्टेने बोलता येईल का, खरंच माहीत नाही.

ठकू

---

१८ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो.

टिकटिक रोपवाटिका चालवतो. दोन बस बदलून जावं लागतं. फाटकातून आत गेलो तर तो पत्र्याच्या टेबलाशी उभा राहून पिशव्यांत माती भरत होता. डाव्या हाताने भरायचा आणि उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी पिशवीचं तोंड धरायचा. मला बघून म्हणाला, "जाड झालास." मी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "पोचत होते. अकराही पोचत होते. माझ्या टेबलावर होते."

तो माती भरत राहिला. एक पिशवी, दुसरी, तिसरी. मग म्हणाला, "म्हणजे माझा हात बरोबर होता." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचंस की रे, गाढवा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मी माफी मागितली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. त्याने हात धुतले आणि विचारलं, "पिशवीत काय आणलंयस?"

मी पेटी काढली, तुझे नियम वाचून दाखवले. तो म्हणाला, "डेपो मी घेतो. तू बस वर." रोपांच्या ओळींमध्ये पालथ्या खोक्यावर पट मांडला. माझ्या वाट्याला आलेल्या नऊ नंबरच्या ठाण्याच्या पत्त्यांत काय कमी असेल सांग? वात. मी पहिल्या फेरीला लिहून सरकवलं: "वात." उत्तर नाही. दुसऱ्या फेरीला "वात." तिसऱ्या फेरीला "वात." पलीकडे त्याची चार आणि सहा नंबरची ठाणी लाल झाली होती. तो पुटपुटत ठोकळे तिकडे ढकलत होता. चौथ्या फेरीला नऊ नंबर पडलं.

मी पडदा उचलला. फळ्यावर नऊची खुंटी हिरवीच होती. माझ्या तिन्ही चिठ्ठ्या त्याच्या कोपराखाली नीट रचून ठेवलेल्या. त्याने वाकून खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "च्यायला, इथून तर सगळं हिरवंच दिसतं रे."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी म्हटलं, "तरी मी विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "हवंच होतं." एवढंच.

मग त्याने ठोकळे गोळा केले आणि पुन्हा डेपोच घेतला. पडदा उभा केला. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "ए नऊ नंबर, काय नाहीये तिकडे?" मी म्हटलं, असं विचारता येत नाही, नियमात नाही, आणि उत्तर द्यायला ठोकळा जातो. तो म्हणाला, "मग तुझ्या भाचीला म्हणावं नियम चुकलाय. उत्तराला ठोकळा कशाला लागतो? तोंड तर फुकट आहे."

तेव्हा बघ. मला त्याचं पटलं.

फळा पुन्हा भिंतीवर लावलाय. गच्चीची किल्ली माझ्याच खिशात होती. अर्पणाचं तू ठरव, पण छापलंस तर माझं एकट्याचं नको.

मामा

---

३ जुलै

प्रिय मामा,

पेट्या छापून आल्या. एक तुझ्याकडे, एक रोपवाटिकेच्या पत्त्यावर पाठवली आहे. अर्पण कोणाला केलं ते पहिल्या पानावर बघ. आणि मग थेट पान सात काढ, मधलं नंतर वाच:

"नियम १४. ठाण्याच्या प्रत्येक निरोपाला डेपोने त्याच फेरीत उत्तर द्यावे, खुंटी हिरवी असली तरीही. उत्तरासाठी ठोकळा खर्च होत नाही."

मामीला सांग, खरंच पुस्तकही आहे आत. वीस पानांचं.

ठकू

---

११ जुलै

(पोस्टकार्ड, मोठं वाकडं अक्षर)

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

पेटी पोचली. नियम चौदा पोचला. तुझा मामा दर रविवारी येतो आणि आम्ही दोघे मिळून हरतो. सामान पोचलं की पोचलं म्हणून कळवावं, एवढ्यासाठी हे कार्ड.

टिकटिक